धर्मादायाचा रकाना

टपाल खात्यातली माझी सुरुवातीची वर्षं लातूरच्या कचेरीत गेली आणि पुढची नांदेडला. सत्तरच्या दशकात या दोन्ही ठिकाणी मनिऑर्डर आणि बचत बँकेच्या खिडक्यांबरोबर आणखी एक काम असे, ते म्हणजे रेडिओचं लायसन्स. ज्याच्या घरी रेडिओ, त्यानं वर्षाला १५ रुपये टपाल कचेरीत भरायचे. एक छोटं पुस्तक मिळे. त्यात नाव, पत्ता आणि संच कुठल्या कंपनीचा ते लिहिलेलं असे. मर्फी, बुश, फिलिप्स ही नावं मी इतक्या वेळा लिहिली की हात आपोआप चाले. पैसे घेऊन तिकीट चिकटवायचं, त्यावर तारखेचा शिक्का मारायचा, वहीत नोंद करायची. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यानं बिनपरवान्याचा संच घरात ठेवणं हा गुन्हा होता. मुदत टळली की वर दंड. हॉटेलात गिऱ्हाइकांसाठी रेडिओ लावला, तर त्याचं लायसन्स वेगळं आणि महाग.

जानेवारीत खिडकीवर गर्दी उसळायची. तुरीचे पैसे नुकतेच हातात आलेले असत. धोतराच्या कनवटीला नाहीतर बंडीच्या आतल्या खिशात, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून पुस्तक आणलेलं असे. औशाकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला एकदा सरळ विचारलं, ‘‘साहेब, रेडू माझ्या पैशाचा, शेल माझ्या पैशाचे, मंग ही पंधरा रुपये कशाची?’’ मी सांगितलं, ‘‘बाबा, गाणारांची बिदागी, बातम्या वाचणारांचा पगार, यंत्राची वीज, त्याचे.’’ तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘‘मंग तसं सांगावं की रेडूवर, कवातरी.’’

त्या माणसाचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं, आज तर अधिकच पटतं. आपल्याकडे रेडिओचा इतिहास लिहिताना मंत्री येतात, केंद्र संचालक येतात, गायक-निवेदक येतात, जाहिरातदार कंपन्याही येतात. पैसे भरणारा माणूस येत नाही. आणि हे रेडिओपुरतं नाही. मराठवाड्यातल्या सगळ्या सार्वजनिक जीवनाची हीच गत आहे. नाव पुकारलं जातं एकाचं आणि पैसा आलेला असतो दुसऱ्याच्या घामातून.

रेडिओचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न जगभर पहिल्या दिवसापासूनचा. अमेरिकेनं तो व्यापाऱ्यांवर सोपवला. न्यूयॉर्कच्या एका केंद्रानं २८ ऑगस्ट १९२२ रोजी घरं विकणाऱ्या कंपनीला पैसे घेऊन दहा मिनिटं बोलू दिलं, आणि तिथून पुढं साबणाच्या कंपन्यांनी मालिका पोसल्या. इंग्लंडनं जाहिरात बाहेर ठेवली आणि घरटी लायसन्स लावलं. आपल्याकडे इंग्लंडचा कित्ता गिरवला गेला. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं ते १० रुपये लायसन्स फी आणि आयात संचांवरचा आकार यांच्या भरवशावर. सगळ्या देशात लायसन्सधारक आठ हजारांच्याही आत. तीन वर्षं पुरी व्हायच्या आत कंपनी बुडाली आणि १ एप्रिल १९३० पासून सरकारनं कारभार हाती घेतला.

पण लातूर-नांदेड तेव्हा या सरकारच्या मुलखात नव्हतंच. आम्ही निजामाच्या राज्यात. तिथली रेडिओची कथा वेगळी आणि टपालवाल्यांना अभिमान वाटावा अशी आहे. हैदराबादेत पहिलं केंद्र काढलं ते टपाल खात्यातल्या महबूब अली या माणसानं. चिराग अली गल्लीत, अवघ्या २०० वॅटचं यंत्र. १९३५ साली निजाम सरकारनं ते ताब्यात घेतलं आणि पुढं ते ‘दख्खन रेडिओ’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. औरंगाबादेतही निजामाच्याच काळात एक केंद्र निघालं. म्हणजे आमच्या भागात आवाजाचा पहिला धनी दरबार होता. आणि धनी जे सांगेल ते यंत्र बोलतं, हे आमच्या आधीच्या पिढीनं अंगावर काटा येईल अशा रीतीनं अनुभवलं. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातुरात वकिली करणारा माणूस. १९४७-४८ मध्ये त्याची आग ओकणारी भाषा दख्खन रेडिओवरून घराघरांत गेली. ज्या रयतेच्या साऱ्यावर ते केंद्र चालत होतं, तिलाच ते धमकावत होतं. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा राज्यात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला स्वतः निजामानं रेडिओवरून शरणागती जाहीर केली. आमचे वडील सांगत, आडतीच्या दुकानात शेठजींचा एकच संच होता आणि त्या संध्याकाळी अख्खा गंज, म्हणजे सगळी धान्यपेठ, त्याच्याभोवती गोळा झाला होता. उर्दू कळणाऱ्यानं प्रत्येक वाक्य मराठीत सांगायचं आणि मागच्यांनी ते आणखी मागं पोचवायचं.

वडील त्या दुकानात मुनीम होते. लातूरचा व्यापार पाहिला नाही त्याला त्या कामाची कल्पना यायची नाही. १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रूळवाट लातूरला पोचली आणि गावाचं नशीब पालटलं. गंजगोलाई वसली. मधे गोल इमारत, तिच्या मध्यभागी देवीचं देऊळ, भोवती दुकानं आणि चहूकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. अहमदपूर, निलंगा, औसा, उदगीर, पार बिदरच्या बाजूनंही गाड्या येत. ज्वारी, तूर, करडई, भुईमूग. शेतकरी आदल्या रात्री येऊन गाडीखालीच झोपे. सकाळी माल उतरायचा, खरेदीदार मूठभर दाणे हातावर घेऊन पाही, सौदा व्हायचा, काटा व्हायचा आणि मग मुनीम पट्टी करी.

ही पट्टी हा मराठवाड्याच्या इतिहासातला महत्त्वाचा कागद आहे, असं मी मानतो. वडिलांच्या हातच्या काही पट्ट्या माझ्याकडे आहेत. पिवळट, आडवा कागद, वर ‘श्री’, उजव्या कोपऱ्यात मिती आणि शेतकऱ्याचं नाव-गाव. एका बाजूला मालाचं वजन, भाव आणि रक्कम. खाली वजावट : आडत, हमाली, तोलाई, कडता. आणि त्यांच्या खाली, बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी, धर्मादाय. रक्कम किरकोळ असे, काही आणे. मग बेरीज वजा जाता उरलेला आकडा आणि त्याखाली शेतकऱ्याचा अंगठा. जांभळ्या शाईचे ते अंगठे अजून स्पष्ट आहेत. एकावर तर बोटाच्या कातडीला पडलेली आडवी चीर उमटली आहे.

हा धर्मादाय म्हणजे दानधर्मासाठी कापलेली रक्कम. शेतकऱ्याला कुणी विचारत नसे. कापली जाई. वर्षाकाठी तो पैसा दुकानच्या वेगळ्या खात्यात जमे आणि मग पेठेतली बडी मंडळी ठरवत की तो कुठं द्यायचा : देवळाचा उत्सव, गोरक्षण, पाणपोई, धर्मशाळा, पाठशाळा. शेती आयोगाच्या १९२८ च्या अहवालात देशभरातल्या बाजारपेठांमधल्या अशा कपातींवर बोट ठेवलेलं आहे आणि नियंत्रित बाजार उभारायची शिफारस आहे. हैदराबाद संस्थानानं १३३९ फसलीत, म्हणजे १९३० साली, शेतीमाल बाजाराचा कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा १९६३ चा. मंजूर खर्चाखेरीज शेतकऱ्याच्या पट्टीतून दमडीही कापायची नाही, असं कायदा म्हणतो. तरी धर्मादायाची सवय सुटायला पुढं बरीच वर्षं जावी लागली.

आता इथं कुणी म्हणेल, व्यापाऱ्यांनी गावासाठी काही कमी केलं का? केलं, आणि मी ते नाकारत नाही. स्वतःच्या तिजोरीतून देणारे होते, जागा देणारे होते, निजामाच्या पोलिसांची भीती असताना कार्यकर्त्यांना माडीवर लपवणारे होते. त्या काळात साधी सभा घ्यायची तर परवानगी लागे. ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाची आठवण काढताना वडिलांच्या पिढीचे लोक आवाज खाली आणत. म्हणून तर आमच्याकडे सार्वजनिक जीवन उत्सवाच्या आडोशानं वाढलं. गणपती, कीर्तन, वाचनालय, खासगी शाळा. निजाम राज्यातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन १९३७ साली परतूरला झालं, दुसरं लातूरला आणि पुढचं नांदेड जिल्ह्यातल्या उमरीला. मांडव, जेवणावळी, पाहुण्यांची सोय, या सगळ्याला पैसा लागतो, आणि तो पेठेतूनच उभा राहिला. स्वामी रामानंद तीर्थांनी १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज काढलं. लातुरात दयानंद महाविद्यालय १९६१ ला, उदगीरला महाविद्यालय १९६२ ला, नांदेडचं यशवंत १९६३ ला, लातूरचं राजर्षी शाहू १९७० ला. उच्च शिक्षणासाठी हैदराबाद नाहीतर पुणं गाठावं लागणाऱ्या मुलखात वीस वर्षांत एवढं उभं राहिलं. देणगीदारांच्या नावाच्या संगमरवरी पाट्या जागोजागी आहेत आणि त्या असायलाच हव्यात.

माझं म्हणणं एवढंच आहे की पाटी अपुरी आहे. दिलेल्या हजार रुपयांत शेठजींचे किती आणि पट्टीच्या शेवटच्या रकान्यातले किती, हे पाटी सांगत नाही. आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. धर्मादायाच्या पैशावर व्यापाऱ्यानं आयकर भरायचा का, असा एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. बिजली कॉटन मिल्स ही हाथरसची गिरणी. तिथं धर्मादाय भरणारे गिऱ्हाईक होते. १९७९ मध्ये न्यायालयानं निकाल दिला की हा पैसा व्यापाऱ्याचं उत्पन्नच नव्हे. तो घेतला त्या क्षणापासून दानाचा आहे आणि व्यापारी त्याचा केवळ सांभाळदार. करापुरता हा निकाल व्यापाऱ्याच्या बाजूनं लागला. पण त्यातून निघणारी दुसरी गोष्ट कुणी बोलून दाखवली नाही : उत्पन्न त्याचं नाही, तर दानही त्याचं नाही.

वडील या रकान्याबद्दल फारसं बोलत नसत. नोकरीचा भाग होता तो. पण त्यांची एक रीत होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याला ते पट्टी मोठ्यानं वाचून दाखवत, शेवटच्या रकान्यासकट, आणि तो पैसा कुठल्या कामाला जाणार तेही सांगत. पुष्कळ मुनीम फक्त खालचा आकडा सांगून अंगठा घेत. वडिलांमुळं काट्यापाशी खोळंबा होतो, अशी तक्रारही होई. मोठ्यानं वाचणं हेच त्यांच्या हातात होतं आणि ते त्यांनी सोडलं नाही.

नांदेडला बदली झाल्यावर दानाची दुसरी रीत जवळून पाहायला मिळाली. सचखंड हुजूर साहिब या गुरुद्वाऱ्याची इमारत महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतली. लाहोरच्या राजानं निजामाच्या मुलखात गोदावरीकाठी दिलेलं हे दान. पण तिथलं लंगर राजाच्या नावावर चालत नाही. कमाईचा दहावा हिस्सा द्यायचा ही शिखांची शिकवण. पंजाबातून आलेला शेतकरी पावती घेतो, पंगतीत बसतो आणि उठून दुसऱ्यांची ताटं घासायला लागतो. इथं देणाऱ्याला आपण देतो आहोत हे माहीत असतं. धर्मादायात नेमकं तेच हिरावून घेतलेलं होतं.

नावं पुकारायची हौस आपल्या रक्तात आहे, आणि तिची खरी जागा म्हणजे जत्रा. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, उंट, बैल, गाढवं यांचा बाजार, तमाशाचे फड आणि कुस्त्यांचा आखाडा. कर्णा आला आणि आखाड्याचं रूप बदललं. पूर्वी हलगीवाला बक्षीस पुकारी, ते चार रांगांपर्यंत ऐकू जाई. कर्ण्यामुळं ते अख्ख्या माळावर पोचायला लागलं. नारळावरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत, ‘‘अमुक गावचे अमुक पाटील यांच्याकडून एकावन्न रुपये!’’ तमाशातही तेच. दौलतजादा करणाऱ्याचं नाव गाण्याच्या दोन कडव्यांच्या मधे घेतलं जाई. नाव ऐकून शेजारच्या गावचा माणूस चढाओढीनं खिशात हात घाली. पैलवानाच्या खुराकाची सोय होई, फडाचा मुक्काम वाढे. मला यात गैर काहीच दिसत नाही. माणूस समोर उभा आहे, पैसे त्याच्या खिशातले आहेत, नाव त्याचं आहे. हिशेब सरळ आहे.

रेडिओवर मात्र असं नाव घ्यायला आपल्या सरकारची ना होती. १९५० मध्ये हैदराबाद आणि औरंगाबादची केंद्रं आकाशवाणीत आली. औरंगाबादचं काही वर्षांत बंदही पडलं, आणि मराठवाडा पुन्हा दुसऱ्यांच्या आवाजावर जगू लागला. दिल्लीत १९५२ ला बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे भोक्ते, मराठी माणूस. त्यांच्या काळात सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते समुद्रापलीकडं गेले. महायुद्धात ब्रिटिश फौजेसाठी उभारलेलं कोलंबोचं दणकट यंत्र आता रेडिओ सिलोनच्या हातात होतं. ३ डिसेंबर १९५२ रोजी त्यावरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पैसे सीबा या स्विस कंपनीचे, दात घासायच्या पेस्टसाठी. अमीन सयानी मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करत, फिती विमानानं कोलंबोला जात आणि तिथून लघुलहरींवरून बुधवारी रात्री आठ वाजता तो आवाज लातूरच्या हॉटेलात उतरे. हिंदी गाणी, मुंबईचा निवेदक, सिंहलद्वीपाचं यंत्र, स्वित्झर्लंडचा पैसा आणि ऐकणारा निलंग्याचा.

सुरुवातीला त्यात सात गाण्यांची स्पर्धा असे, बक्षीस १०० रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली आणि वर्षभरात आठवड्याला ६५ हजारांपर्यंत मजल गेली, असं सयानी सांगत. पत्रांचा तो ओघ मी नोकरीत लागलो तेव्हाही आटलेला नव्हता. गुरुवारच्या थैलीत फर्माइशीच्या पोस्टकार्डांची वेगळी जुडी बांधावी लागे. एका कार्डावर पाच-पाच, सात-सात नावं. पप्पू, बबलू, त्यांचे आई-बाबा आणि सगळे मित्र. त्या पोरांना आपलं नाव हवेतून ऐकायचं होतं. आणि या सगळ्याचा खर्च कंपनी करत होती, असं आपण धरून चालतो. कंपनीचे पैसे तरी कुठून आले? पेस्टच्या नळीच्या किमतीतून. पोस्टकार्ड कमी किमतीत विकलं जाई, ते पोचवायला खात्याला त्याच्या कितीतरी पट खर्च येई. ती तूट भरली करदात्यांनी. रेडिओचे १५ रुपये वेगळेच. श्रोत्यानं तीन वाटांनी पैसे भरले आणि आभार मानले गेले एका वाटेचे.

आकाशवाणीनं धडा घेतला, पण उशिरा. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली. त्यावर जाहिराती घ्यायला परवानगी मिळाली १ नोव्हेंबर १९६७ रोजी, पहिल्यांदा मुंबई, पुणे आणि नागपूरला. पुढं १९७० पासून प्रायोजित कार्यक्रमही सुरू झाले. त्या तीन शहरांच्या यादीत मराठवाडा नव्हता. आम्हाला मिळालं ते १९६८ साली परभणीचं केंद्र. मला विचाराल तर जे मिळालं ते अधिक मोलाचं होतं. संकरित ज्वारीचं बियाणं, करडईवरचा मावा, हवामान, बाजारभाव, आमच्या बोलीतले संवाद, भारूड, गोंधळ, जात्यावरच्या ओव्या गाणाऱ्या बायांचे आवाज. यातलं एकही कुठल्या पेस्टवाल्यानं पोसलं नसतं. आणि बाजारभाव हा तर सोन्यासारखा कार्यक्रम. दुसऱ्या पेठेतला तुरीचा भाव रात्री घरबसल्या कळू लागला, तसा शेतकरी दुसऱ्या दिवशी आडत्यासमोर मान वर करून बोलू लागला. लायसन्सच्या १५ रुपयांनी लातूरच्या गंजात काय बदल घडवला, हे ज्यांना पाहायचं असेल त्यांनी तिथल्या जुन्या हमालांना विचारावं. नांदेडला स्वतःचं केंद्र मिळायला १९९१ उजाडलं. तोवर लायसन्स संपलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सरकारनं ते रद्द केलं आणि माझ्या खिडकीवरची ती वही बंद झाली. लोकांना आनंद झाला. मला हळहळ वाटली. लायसन्स होतं तोवर श्रोत्याच्या हातात निदान एक शिक्का मारलेला पुरावा तरी होता की हा आवाज आपल्याही पैशाचा आहे.

शेतकऱ्याचं नाव घेतलं जाऊच शकत नाही, अशी समजूत असेल तर गुजरातकडे पाहा. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ १९७६ साली आला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, भूमिकेत आपली स्मिता पाटील. पैसा मात्र गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांचा, प्रत्येकी दोन रुपये. आणि पडद्यावर पहिल्यांदा येतं ते हेच : गुजरातचे पाच लाख शेतकरी सादर करत आहेत. दोन रुपये म्हणजे आमच्या धर्मादायासारखीच किरकोळ रक्कम, दुधाच्या पैशातूनच वळती केलेली. फरक असा की तिथं ती मागून घेतली होती आणि नाव लावलं होतं. पुढं दूरदर्शनवर ‘सुरभी’ कार्यक्रम गाजला, त्याचा प्रायोजक अमूल, म्हणजे पुन्हा तीच शेतकऱ्यांची संस्था. ‘सुरभी’च्या प्रश्नांना येणाऱ्या उत्तरांनी टपाल खात्याची दमछाक झाली, शेवटी स्पर्धांसाठी वेगळं, महाग पोस्टकार्ड काढावं लागलं. नांदेडला तेव्हा आम्ही ती कार्डं पोत्यांत भरत होतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि देणाऱ्यांचे हजार हात पुढं आले. गावं वाटून घेतली गेली, कमानी उभ्या राहिल्या, कमानींवर संस्थांची नावं लागली. केरळच्या ‘मल्याळ मनोरमा’ दैनिकानं आपल्या वाचकांकडून पैसे गोळा करून बाणेगाव पुन्हा उभं केलं. भारतीय जैन संघटनेनं बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं. त्या उपकाराची फेड कधीच होणार नाही. पण मनिऑर्डरच्या खिडकीवर मी जे पाहिलं तेही नोंदवतो. ज्यांची स्वतःची घरं तडकली होती असे आसपासच्या गावांतले लोक पाच रुपये, दहा रुपये घेऊन मदत निधीला पाठवायला रांगेत उभे होते. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी काय लिहू म्हणून विचारलं, तर कित्येकांनी गावाचंच नाव सांगितलं.

आता नांदेड-लातूरच्या पुष्कळ शाळा-महाविद्यालयांची पन्नास आणि साठ वर्षं उलटली आहेत, काहींची पंच्याहत्तरी झाली. स्मरणिका निघतात. त्यांत संस्थापकांचे फोटो असतात, देणगीदारांची यादी असते, मोठ्या रकमा आधी आणि छोट्या नंतर. स्मरणिकेचं काम ज्यांच्याकडे असेल त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. संस्थेच्या सुरुवातीच्या कीर्दीत पेठेकडून, आडत दुकानांकडून आलेल्या रकमा पाहा. कुठं ‘धर्मादाय खाते’ असा शब्द सापडला, तर ती रक्कम कुठल्या एका माणसाच्या नावावर घालू नका. यादीत पहिली ओळ ‘लातूर आणि नांदेडच्या बाजारात माल आणणारे शेतकरी’ अशी छापा आणि त्यापुढं आकडा लिहा. ज्या घरांत आडतीच्या जुन्या वह्या पडून आहेत, त्यांनी त्या रद्दीत देऊ नयेत. जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला द्याव्यात.